हिरवी वाट

शनिवारी नेस्टाला न्यायचंय.
वय एकसष्ट. शेवटची सायकल अकराव्या वर्षी,
तीही भावाची, दांडीची, ब्रेक नसलेली,
जी कोळशाच्या वखारीच्या भिंतीवर जाऊन थांबली.
हनुवटीवरची खूण ती अजून बोटानं चाचपते
काही ठरवायचं असलं की.

परवा बशी पुसता पुसता म्हणाली,
"एम्लिन, त्या डोंगराच्या पलीकडे काय आहे रे?
चाळीस वर्षं भांडी घासताना हाच समोर."
म्हटलं, पलीकडे आणखी एक डोंगर.
"मग तो दाखव."

रात्री नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार मग.
काळी वाट पोरांची, हाडं नवी असलेल्यांची.
लाल माझी; तिच्यावर माझं एक मनगट खर्ची पडलंय.
निळीवर बोट ठेवलं, मग उचललं.
हिरवी उरली.

हिरवी म्हणजे जुनी खाणीची रेल्वे.
रूळ उचलले तेव्हा मी सात वर्षांचा होतो.
कोळशानं भरलेल्या इंजिनाला धाप लागायची
म्हणून चढ बेताचा, वळणं ऐसपैस.
त्या धापेची कृपा आता
नेस्टाच्या गुडघ्यांवर.

जाऊन येऊन साडेचार मैल.
माथ्यावरचा कठडा खोडला. सगळे फोटो तिथलेच असतात,
पण शेवटचा चढ माणसाचं तोंड बंद करतो,
आणि नेस्टा न बोलता
कुठं जाईल असं वाटत नाही.

गुरुवारी एकटाच जाऊन आलो, तिच्या वेगानं.
वीस वर्षं ही वाट मी गाडीतळापर्यंत परतायला वापरली,
दहा मिनिटांत, पाय न मारता.
परवा दोन तास लागले.
कागदावर लिहीत गेलो:
पहिलं फाटक आपल्याकडे उघडतं, उतरावं लागेल.
पुलाच्या फळ्या शेवाळलेल्या; वर जाळी ठोकलीय, तरी सरळ जायचं.
मेंढ्या उठत नाहीत. आपणच वळायचं.
मागचा ब्रेक आधी. पुढचा, देवाचं नाव घेऊन.
आणि नजर दगडावर नको,
नजर जिथं, चाक तिथं.
(हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मनगटानं सांगितलं.)

मैलाच्या दगडापुढं एक स्प्रूस आडवा पडलेला.
जंगलखात्यातल्या मेरेरिदला फोन केला.
"उद्या कापते," म्हणाली, "नाही जमलं तर सायकली उचला."
नेस्टा सायकल उचलताना कशी दिसेल
याचा विचार करत
तिथंच सँडविच खाल्लं.

आणि मग ते वळण.
दोन्ही बाजूंना लार्च होते इथं; शरदात सोन्याची सुई-सुई गळायची,
हेल्मेटच्या फटीत अडकून घरी यायची.
रोग पडला. गेल्या हिवाळ्यात सगळे तोडले.
मी या बाजूला बघायचं टाळत असे.
परवा हळू होतो, म्हणून टाळता आलं नाही:
खुंटच खुंट, त्यांच्यात गुलाबी फुलांचे तुरे,
आणि खुंटांच्या वर, अख्खा, उघडा,
पलीकडचा डोंगर.

आनंद मानावा की नाही, कळेना.
कागदावर फक्त लिहिलं:
इथं थर्मास.

काल तिचा फोन. "शौचालय आहे का?"
आहे, सुरुवातीला.
"आणि मध्ये?"
मध्ये नेचे आहेत, कंबरेइतके.
बराच वेळ काही नाही. मग हसली,
इतकी की फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी बायकोची सायकल पडवीतून काढली.
चाकांतली हवा थोडी कमी केली,
साखळीला तेल दिलं, घंटी वाजवून पाहिली.
सीट दोन बोटं खाली घेतली.
मग थांबून आणखी एक बोट,
म्हणजे बसल्याबसल्या
दोन्ही पाय जमिनीला लागतील.